हळद विरघळत नाही

डोंबिवली पूर्व,
मंगळवार, दुपार

प्रिय दर्शना,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. बारा दिवसांत तुझ्याकडून मला एकच गोष्ट आली, व्हॉट्सॲपवर जोडलेले दोन हात. ते चित्र मी आजवर फक्त कुणी गेल्याच्या निरोपाखाली पाहिलं आहे. आईला ती जिवंत असतानाच ते पाठवायचं, अशी तुमच्या बाळकुमच्या टॉवरमध्ये नवी रीत निघाली असेल तर असो. कागदाचं बरं असतं, तू तो वाचलास की फाडलास हे मला इथे बसून कळणार नाही. फक्त अर्ध्यावर आलीस की रत्नदीपच्या हातात देऊ नकोस. आपले जावई भले माणूस आहेत, आणि भली माणसं कुठलंही पत्र अर्धं वाचून “जाऊ दे ना” म्हणतात. हे पत्र अर्धं वाचण्यासारखं नाही.

विषय हळदीचा आहे. एक चमचा हळदीवरून माझ्या आईने भर शाळेत तमाशा केला, असं तू एव्हाना निम्म्या ठाण्याला सांगितलं असशील. तमाशा मी केला, कबूल. पण तू त्या दिवशी शेवटच्या दहा मिनिटांत आलीस आणि दहा मिनिटांवरून निकाल दिलास, म्हणून आधीचं सगळं सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत सान्वी चार दिवस माझ्याकडे होती, तेव्हा दप्तरातून एक झेरॉक्स घेऊन आली होती. ‘स्वयंपाकघरातील कोणते पदार्थ पाण्यात विरघळतात? चार्ट तयार करा.’ त्या शाळेने पाच वर्षांत विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न, आणि तोही बहुतेक चुकून. एरवी काचेचं गेट, रोबोटिक्सची कुलूप लावलेली खोली, आणि प्रयोग म्हणजे वर्षातून एकदा थर्माकोलचा ज्वालामुखी. मला तर इतका आनंद झाला की माझ्या लग्नात आहेर आलेले काचेचे बारा ग्लास मी माळ्यावरून काढले. ओट्यावर ओळीने मांडले. प्रत्येकात सारखं पाणी, प्रत्येकात एकेका पदार्थाचा एक चमचा, आणि तो चमचा सुरीच्या पाठीने सपाट केलेला. वीस वेळा ढवळायचं, मोजून, आणि मग हात मागे घेऊन नुसतं बघत बसायचं. तिला सगळ्यात जड गेलं ते हे शेवटचं. “आजी, आता काय करायचं?” “काही नाही, बघायचं.” “किती वेळ?” “दिसेपर्यंत.” “बोअर आहे हे.” “आहेच.” मग मात्र बसली.

वहीत मी तिला तीन रकाने आखायला लावले. काय केलं, काय दिसलं, काय वाटतं. हे रकाने माझे नाहीत, सिस्टर बर्नाडेटचे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले हे तू माझ्या प्रत्येक खडूसपणाचं कारण म्हणून लोकांना सांगतेस, पण तिथे नेमकं काय शिकले हे तू कधी विचारलं नाहीस. आबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर. त्यांनी मला बोटाला धरून कल्याणच्या त्या शाळेत नेलं, तेव्हा आमच्या चाळीत लोक म्हणाले, “फिटरची पोरगी आता मडमांशी बोलणार!” मडमांशी मी फारसं बोलले नाही. पण दुसऱ्या रकान्यात ‘वाटतं’ शिरलं की सिस्टरची पट्टी हातावर बसायची, ती अजून बसते. दिसलं ते वेगळं, वाटलं ते वेगळं. माझ्या शिक्षणाचं सार एवढंच. बाकी इंग्रजी वगैरे तुमच्या ऑफिसातला शिपाईही माझ्यापेक्षा जोरात बोलतो.

तर ग्लास. मीठ गेलं, साखर गेली, खायचा सोडा फसफस न करता निमूट गेला. गूळ गेला, पण तळाशी चिमूटभर रेती ठेवून गेला, आणि तुझी लेक म्हणाली, “गुळाने आपलं सामान इथेच टाकलं.” तेल वर चढून बसलं. बेसन आणि कणकेने पाणी दुधासारखं केलं आणि मग थकून खाली उतरायला लागली. डबीतला हिंग कणकेसारखाच वागला, कारण त्यात बरीचशी कणीकच असते. चहापाशी ती अडली. “आजी, पावडर नाही विरघळत, पण तिच्यातलं काहीतरी विरघळतं. मग टिक करू की फुली?” मी म्हटलं, “जे दिसलं तेच लिही, टिक-फुली हा दुकानदारांचा धंदा आहे.” मिठाचा तर तिला छंदच लागला. त्याच ग्लासात चमच्यामागून चमचा घालत गेली. अकरापर्यंत गेलं, बाराव्याला तळाशी ढीग राहिला. “पाण्याचं पोट भरलं.” मग पाण्याला फसवायचं म्हणून तिने ते गरम करून पाहिलं. साखरेने गरम पाण्यात जास्त जागा केली होती, मीठ मात्र जवळजवळ हललं नाही. मिठावर ती इतकी रागावली की मला तुझ्या पप्पांची आठवण झाली.

आणि हळद. पाणी एकदम पिवळंधमक झालं. “विरघळली!” म्हणून तिने पेन उचललं. मी विचारलं, “दिसलं की वाटलं?” तिने माझ्याकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं, आणि ग्लास खिडकीत नेऊन ठेवला. सकाळी दात न घासताच ती स्वयंपाकघरात. हळद सगळी तळाला बसलेली, वर फिकट पाणी. तिने लिहिलं, ‘काल मला वाटलं की विरघळली. आज दिसलं की खाली बसली. मी थांबले म्हणून कळलं.’ दर्शना, मी तेहतीस वर्षं एमआयडीसीत रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली. माझ्या हाताखाली एम.एस्सी. झालेली पोरं आली आणि गेली. त्यांच्यातल्या एकानेही एवढी स्वच्छ नोंद केलेली मला आठवत नाही.

ती नोंद घेऊन पोरगी शाळेत गेली आणि कल्पिता टीचरने तिच्यावर लाल फुली मारली. हळदीवर फुली, बेसनावर फुली, चहावर गोल करून ‘एकच उत्तर लिहा’. सान्वीने सांगायचा प्रयत्न केला की टीचर, थांबलं की खाली बसते. टीचर म्हणाली, “बेटा, पाणी यलो झालं ना? मग डिझॉल्व्ह झाली ना! तुझ्यासाठी वेट करत बसले तर पोर्शन कोण कंप्लीट करणार?” हे मला सान्वीने जसंच्या तसं सांगितलं, टीचरच्या आवाजात, मानेच्या झटक्यासकट. मला त्या बाईचा राग येत नाही. राग यायला समोर काहीतरी असावं लागतं. तिला हळद माहीत आहे ती पाकिटातली, पाणी माहीत आहे ते बाटलीतलं, आणि उत्तर माहीत आहे ते छापलेलं. दोन वस्तू एकत्र आल्यावर काय होतं हे डोळ्यांनी बघण्याची वेळ तिच्यावर आयुष्यात आलेली नाही, आणि ती येऊ नये याची ती शाळा पुरेपूर काळजी घेते.

तुझा मात्र राग आला. तू काय केलंस? शाळेच्या गेटासमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून तयार चार्ट आणलास. गुळगुळीत कागद, एका बाजूला हिरव्या खुणा, दुसऱ्या बाजूला लाल, आणि हिरव्या खुणेखाली पिवळ्या पाण्याचा ग्लास. तो समोर ठेवून तू तिला तिच्या हाताने उतरवून काढायला लावलंस आणि मला फोटो पाठवलास, ‘फायनल!’ मी एकच शब्द लिहिला, ‘हळद?’ तू लिहिलंस, ‘आई, प्लीज.’ त्या दिवसापासून मी त्या ‘प्लीज’चा अर्थ लावते आहे. प्लीज, खरं बोलू नकोस? प्लीज, बघू नकोस? की प्लीज, मर?

इकडेही सगळं असंच चाललं आहे, म्हणून सांगते. गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याचा फिल्टरवाला आला. टाय लावलेला. दोन ग्लास मांडले, एकात आपलं नळाचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हींत लोखंडी दांड्यांचं एक खेळणं बुडवून वीज सोडली. नळाचं पाणी मिनिटभरात गटारासारखं तपकिरी झालं आणि समोरची हेमा किंचाळलीच, “माया, हे आपण इतकी वर्षं पितोय?” मी म्हटलं, “नाही गं, हे त्याच्या दांडीचं लोखंड आहे. मशीनच्या पाण्यात क्षारच नाहीत, तिथे वीज वाहायची कशातून?” त्या मुलाने माझ्याकडे बघून स्मित केलं, जसं तुम्ही सगळे करता तसं, आणि हेमाला पावती फाडून दिली. रंग दाखवला की लोक मान तुकवतात. रंग कुठून आला हे विचारणारीला म्हातारी म्हणतात.

आता शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाचा दिवस, ज्याच्यासाठी तो चार्ट होता. तू ऑफिसातून उशिरा येणार होतीस, म्हणून मी डोंबिवलीहून साडेदहालाच पोचले. सान्वीच्या टेबलावर तो चार्ट, आणि चार्टपुढे खरे ग्लास. सकाळी आठला ढवळून ठेवलेले. हळद केव्हाच तळाला जाऊन बसली होती. चार्टवर हिरवी खूण, आणि तिच्या बरोबर खाली तळाशी बसलेली हळद! आणि चाळीस पालक, दहा टीचर, एक हेडमिस्ट्रेस समोरून जातात, चार्ट वाचतात, फोटो काढतात, आणि ग्लासाकडे एकही माणूस बघत नाही. मग परीक्षक आले. कुठल्याशा कोचिंग क्लासचे मालक, गळ्यात पट्टा. त्यांनी विचारलं, “बेटा, टर्मरिक विरघळते का?” आणि माझ्या नातीने, जिने दात न घासता खिडकीतला ग्लास पाहिला होता तिने, ग्लासावरून नजर उचलून चार्टकडे नेली आणि वाचलं, “हळद पाण्यात विरघळते.” ते म्हणाले, “एक्सलंट.” पहिलं बक्षीस.

तिथे मी बोलले. आधी हळू बोलले, तुझा विश्वास बसणार नाही. “सर, जरा ग्लासात बघता का?” “आपण?” “आजी.” “आजी, हे स्कूल लेव्हल आहे हो.” “हळदीला लेव्हल कळत नाही.” इतक्यात कल्पिता टीचर लगबगीने आली, म्हणाली, “सॉरी सर, ढवळायचं राहिलं,” आणि टेबलावरचा चमचा घेऊन ग्लासात गरगर फिरवला. पाणी परत पिवळं. “बघा आजी, झाली ना?” आणि आजूबाजूचे चार पालक हसले. मग मात्र माझा आवाज चढला. “अहो बाई, असं ढवळतच राहिलात तर वाळूसुद्धा विरघळेल! अख्ख्या वर्गाला असंच ढवळत ठेवता का, कुणी शांत बसून काही बघू नये म्हणून?” तू आलीस ती या वाक्याला. सान्वी टेबलक्लॉथचं टोक पिळत खाली बघत होती. तू माझं कोपर धरून मला बाहेर नेलंस, माझ्याच लेकीने, सगळ्यांच्या देखत.

पॅसेजमध्ये तू जे बोललीस ते मी शब्दशः लिहिते, कारण तू ते विसरली असशील. “आई, ती दहा वर्षांची आहे. तिचं बक्षीस घालवायला आली होतीस का? तू तेहतीस वर्षं एकेक रिपोर्ट डोळ्यांत तेल घालून लिहिलास, मान्य. कधी खोटी सही केली नाहीस, मान्य. पण सगळ्यांना नाही जमत तुझ्यासारखं जगायला. मला नाही जमत.” आणि तू रडलीस. मला वाटलं होतं तू चिडशील, रडशील असं वाटलं नव्हतं. मी रिक्षा केली. तू समजलीस की आई रागावून गेली.

मी रागावून गेले नाही. तुझ्या त्या वाक्यातला पहिला ‘मान्य’ निम्मा खरा होता आणि दुसरा अजिबात नव्हता, म्हणून गेले.

हे पुढचं लिहायला मला दोन तास लागले, त्यामुळे अक्षर बदललेलं दिसेल. कंपनीत माझ्या कामाचा मोठा भाग चोख होता. कुठला रंग कुठल्या तापमानाला किती विरघळतो, हे माझ्याइतकं काटेकोर कुणी मोजलं नसेल. पण महिन्यातून एकदा आणखी एक काम असायचं. कारखान्यातून बाहेर नाल्यात जाणाऱ्या पाण्याची बाटली भरायची, ती तपासायची आणि कागदावर लिहायचं. बाटली कशी भरायची हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं. आधी नळाचं पाणी गळ्यापर्यंत, मग वरून दोन बोटं नाल्याचं. कागदावर एक ओळ असायची, ‘रंग’. तिच्यापुढे मी लिहायचे ‘नाही’, आणि खाली सही, सिस्टर बर्नाडेटने घोटून घेतलेल्या वळणदार अक्षरात. पुढची अठरा वर्षं. तुझ्या पप्पांची कंपनी बंद पडली होती, तू लहान होतीस, माझ्या जागेवर यायला बाहेर दहा जण उभे होते. कारणं सगळी खरी आहेत आणि त्यांतलं एकही पुरेसं नाही. रविवारी विहारात पांढरी साडी नेसून मी पंचशील म्हणायचे, चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला माझा आवाज इतरांपेक्षा मोठाच असायचा, आणि सोमवारी कामावर जायचे. कल्पिता टीचरला मी गेले बारा दिवस मनात ज्या शिव्या घालते आहे त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण ती बिचारी न विरघळलेल्या हळदीला विरघळली म्हणते. आमचा रंग शेवटच्या कणापर्यंत विरघळलेला होता, कितीही थांबलं तरी तळाला बसणारा नव्हता, आणि मी त्याला ‘नाही’ म्हटलं. तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तिरस्काराचा विषय निघालाच आहे, तर रांगेत आधी कोण उभं आहे ते लक्षात घे.

आणि हे एवढंच असतं तर मी ते माझ्याबरोबर घेऊन गेले असते, तुला त्रास दिला नसता. पण तू चौथीत होतीस. बाईंनी निबंध दिला होता, ‘माझ्या घराजवळ’. तू लिहिलंस, ‘आमच्या घराजवळ एक नाला आहे. तो सोमवारी जांभळा असतो आणि गुरुवारी हिरवा. सोमवारचा जास्त छान दिसतो.’ बाई खूश झाल्या. गॅदरिंगमध्ये तो वाचून घ्यायचा ठरला, आणि त्या वर्षी गॅदरिंगचे पाहुणे होते आमचे मॅनेजर साहेब. मी तुला समोर बसवून म्हटलं की पाण्याला रंग नसतो, उन्हामुळे तसं दिसतं. तू म्हणालीस, “आई, मी रोज बघते.” मी म्हटलं, तुझे डोळे तपासायला हवेत. आणि खरंच घेऊन गेले. डॉक्टरांनी रंगांच्या ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, तू सगळे आकडे घडाघडा वाचलेस. ते मला बाजूला म्हणाले, “डोळे उत्तम आहेत, धुळीसाठी हवं तर थेंब घाला.” मी बाहेर येऊन तुला सांगितलं की तुझ्या डोळ्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत, औषध घालायचं आहे. आठवडाभर रोज दोन वेळा मी तुझ्या चांगल्या डोळ्यांत ते थेंब घातले. आठव्या दिवशी तू निबंध परत लिहिलास, ‘आमच्या घराजवळ एक नाला आहे. त्याचं पाणी पाण्यासारखं असतं.’ टाळ्या पडल्या. साहेबांनी तुला पेन दिलं.

तू हे गंमत म्हणून सांगतेस. “माझे रंग जरा कच्चे आहेत हं, लहानपणापासून.” लग्नाच्या साड्या घेताना दर साडीला तू माझ्याकडे वळून विचारायचीस, “ही जांभळीच आहे ना गं?” हॉलच्या भिंतीचा रंग तू रत्नदीपला निवडायला लावलास. सान्वीच्या वेणीच्या रिबिनी दुकानदाराकडून चिठ्ठी लावून आणतेस. चाळीस वर्षांची बाई, अख्खं ऑफिस चालवते, आणि डोळ्यांसमोरचा रंग दुसऱ्याला विचारते. दर्शना, तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. तो नाला सोमवारी जांभळाच असायचा, कारण सोमवारी जांभळ्या रंगाची बॅच निघायची. तू बरोबर बघत होतीस. तू सान्वीचा चार्ट बदललास तेव्हा मी तुला मनातल्या मनात काय काय म्हटलं, लाचार, भित्री, पोरीच्या डोळ्यांवर पट्टी बांधणारी. आणि मग पॅसेजमध्ये तू म्हणालीस की तुला माझ्यासारखं जगायला जमत नाही.

आता हे आजच का, तेही सांगते. काल संध्याकाळी रत्नदीपच्या फोनवरून सान्वीने मला फोन केला, बहुधा तुला न सांगता. शनिवारी ठाण्यात सगळ्या शाळांचं प्रदर्शन आहे, टीचरने तिच्याकडून चार्ट पाठ करून घेतला आहे, हे तिनेच सांगितलं. मग म्हणाली, “आजी, एक विचारू? तू कंपनीत असताना कधी, म्हणजे माहीत असून, चुकीचं लिहिलं होतंस?” मी म्हटलं, “कधीच नाही.” विचार करायलासुद्धा थांबले नाही, इतकी ती सवय पक्की आहे. ती म्हणाली, “मग मीपण शनिवारी जे दिसलं तेच सांगणार. बक्षीस परत घेतलं तर घेऊ दे.” आणि तिने फोन ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता. पण पोरगी ज्या जोरावर उभी राहणार आहे ते माझं खोटं आहे, आणि एका लेकराला मी असं आधीच उभं करून ठेवलं आहे. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी सहाला मी बाळकुमला येणार आणि तिला सगळं सांगणार, बाटली, सही आणि तुझे थेंब, सगळं. ऐकल्यावर शनिवारी ती काय बोलेल हे मला माहीत नाही. कदाचित म्हणेल की आजीसुद्धा अशीच, मग मीच कशाला, आणि चार्ट वाचून मोकळी होईल. तो धोका आहे, तरी सांगणार. पण तिच्या आधी हे तुला कळायला हवं होतं, कारण डोळे तुझे होते. म्हणून हे पत्र. मला माफ कर असं लिहिणार नाही, ते मागण्याची माझी पत नाही, आणि द्यायची घाई तूही करू नकोस. दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर खाली वॉचमनच्या शेजारी बसून राहीन. सान्वी क्लासहून त्याच गेटातून येते.

तू मला काहीही म्हण, तरी तुझीच,
आई